लोणी, ताक आणि घुसळखांब

यंत्रांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतो. मुलांच्या मनात त्यामुळे अशी समजूत रुजते, की त्याआधी माणसाकडे होती ती ‘साधने’, आणि यंत्रे आली ती कारखान्यांबरोबर. या समजुतीला तडा देणारी एक वस्तू महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घरांत होती. ती म्हणजे दोरीवर फिरणारी रवी. तिच्यासाठी घरात एक खांब राखून ठेवलेला असे. त्याला ‘घुसळखांब’ म्हणत. शब्दकोशात हा शब्द आजही आहे. घरांतून मात्र खांब गेला, डेरा गेला आणि मोठी रवीही गेली. हातात मावणारी छोटी रवी तेवढी स्वयंपाकघरात उरली आहे.

या लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. दही घुसळून लोणी काढण्याची ही पद्धत अशीच का घडली? आणि ती मागे पडली तेव्हा घरातून नेमके काय गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानात सापडते. दुसऱ्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

दोरीवरचे यंत्र

आधी हे यंत्र नीट पाहू. चुंबळीवर मातीचा डेरा बसवलेला. त्यात उभी रवी, खाली पाकळ्यांसारखे कोरलेले लाकडी फूल. रवीचा दांडा दोरीच्या दोन सैलसर फासांनी घुसळखांबाला अडकवलेला, म्हणजे तो कलंडत नाही पण मोकळेपणी फिरतो. दांड्याला दुसऱ्या दोरीचे दोन-तीन वेढे दिलेले आणि तिची दोन टोके घुसळणाऱ्या बाईच्या दोन हातांत. उजवा हात मागे आला की डावा पुढे जातो, आणि रवी एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने गरगरते.

आता थोडे गणित करू. दांड्याचा व्यास ३ सेंटिमीटर धरला तर त्याचा परीघ साधारण ९.४ सेंटिमीटर येतो. हात ५० सेंटिमीटर मागे आला, की रवीचे पाचाहून अधिक फेरे होतात. खालच्या फुलाचा व्यास १२ सेंटिमीटर असेल, तर त्याची कड एका ओढीत जवळजवळ २ मीटर अंतर कापते. म्हणजे हाताच्या चौपट वेग दह्याला मिळतो. विहिरीच्या रहाटात आपण जोर वाढवतो आणि वेग गमावतो. इथे तीच चाक-आसाची जोडी उलटी वापरून वेग वाढवलेला आहे. त्यासाठी जोर अर्थातच जास्त लावावा लागतो, आणि तो जोर दंडातून येतो.

रवीची दिशा सारखी बदलते, यालाही महत्त्व आहे. ती एकाच दिशेने फिरत राहिली तर थोड्या वेळाने सगळे दहीच तिच्याबरोबर गोल फिरू लागेल, आणि दह्याच्या थरांमधले घर्षण कमी होईल. दिशा पालटली की फिरणारे दही रवीला आडवे येते आणि जोरात ढवळले जाते.

हे यंत्र किती जुने आहे? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या अठ्ठाविसाव्या सूक्तात उखळ-मुसळाच्या संदर्भात मंथा, म्हणजे घुसळण्याची काठी, दोरीने बांधण्याचा उल्लेख आहे. घृत हा शब्द तर ऋग्वेदात ठिकठिकाणी येतो. ‘मन्थ्’ हा एकच धातू दही घुसळण्यासाठी आणि अरणी घासून अग्नी पाडण्यासाठीही वापरला जात असे. समुद्रमंथनाच्या कथेकडेही या दृष्टीने पाहता येते. मंदार पर्वत ही रवी, वासुकी ही दोरी, आणि दोन बाजूंना ओढणारे देव-दानव म्हणजे घुसळणाऱ्या बाईचे दोन हात. महाभारतातल्या वर्णनात तर समुद्राचे आधी दूध होते आणि मग त्यातून तूप निघते. कथाकाराने विश्वाची घडामोड सांगण्यासाठी जे यंत्र निवडले, ते ऐकणाऱ्यांच्या घरात रोज पहाटे चालत होते. कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराच्या भिंतीवर बाराव्या शतकात हेच दृश्य कोरले गेले.

साय नव्हे, दही

युरोपातही लोणी काढत, पण ते सायीचे. थंड हवेत पसरट भांड्यात दूध रात्रभर किंवा दिवसभर ठेवले, की साय वर येते. ती काढून लाकडी बुधल्यात घुसळायची. दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राकाठी, ऑलिव्हचे तेल भरपूर. तिथल्या लोकांना लोणी परके वाटे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लोणी हे रानटी टोळ्यांचे अन्न असल्याची नोंद केली आहे.

आपल्याकडची हवा वेगळी. उन्हाळ्यात न तापवलेले दूध काही तासांत नासते. दुधातल्या जिवाणूंना थोपवणे शक्य नव्हते, पण कोणते जिवाणू वाढू द्यायचे हे ठरवता येत होते. दूध मंद आचेवर तापवले की बहुतेक जिवाणू मरतात. कोमट झाल्यावर त्यात कालचे विरजण घातले, की दुधाचे आम्ल तयार करणारे ओळखीचे जिवाणू आधी जागा पटकावतात. आम्लता वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. अशा आंबट माध्यमात रोगकारक जिवाणू सहसा वाढत नाहीत. दुधातली काही लॅक्टोज साखरही या वेळी वापरली जाते. त्यामुळे ज्या प्रौढांना दूध पचत नाही त्यांनाही दही-ताक सोसते.

म्हणजे विरजण ही आधी दूध टिकवण्याची युक्ती होती, आणि लोणी हा तिचा पुढचा टप्पा. विरजणाची वाटी शेजारून आणायची, दुसऱ्या दिवशी आपले दही लागले की त्यातले राखायचे. जिवाणूंची एखादी जात अशी पिढ्यानपिढ्या सांभाळली जाई. पाश्चरने दुधाच्या आंबण्यामागे सजीव असतात हे १८५७ साली दाखवले. ते कळण्याआधी कित्येक शतके ही जोपासना चालू होती.

लोणी ‘येते’ तेव्हा

मराठीत आपण लोणी ‘केले’ असे क्वचितच म्हणतो. लोणी येते किंवा निघते. हा शब्दप्रयोग शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच आहे, कारण लोण्यातला स्निग्धांश आधीपासून दुधात असतोच. तो बारीक गोलकांच्या रूपात असतो. बहुतेक गोलकांचा व्यास १ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या ते शंभराव्या भागाएवढा. प्रत्येक गोलकाभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे यांचे पातळ आवरण असते. त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत.

घुसळताना दोन गोष्टी होतात. दह्याची जाळी मोडून गोलक मोकळे होतात, आणि हवेचे बुडबुडे आत शिरून फेस येतो. गोलक या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. तिथे आवरणे फाटतात आणि आतला थोडा वितळलेला स्निग्धांश बाहेर येऊन डिंकासारखे काम करतो. गोलकाला गोलक चिकटून कण होतात, कण वाढतात, फेस बसतो, आणि लोणी तरंगू लागते. सुरुवातीला पाण्यात स्निग्ध पदार्थ विखुरलेला होता. शेवटी स्निग्ध पदार्थात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते.

या क्रियेचे मर्म तापमानात आहे. गोलकातला स्निग्धांश थोडा घट्ट आणि थोडा पातळ असा असावा लागतो. फार थंड असेल तर डिंकच नाही, गोलक नुसते आपटत राहतात. फार गरम असेल तर सगळेच तेल होते, घट्ट कण बनत नाहीत आणि लोणी ताकातच विरते. म्हणून घुसळण पहाटे. म्हणून उन्हाळ्यात डेऱ्यात माठातले गार पाणी घालायचे आणि थंडीत कोमट. तापमापी नव्हती, पण मापन होते. दोरीला लागणारा जोर, फेसाचा दाटपणा आणि डेऱ्यातून येणारा आवाज ही त्याची साधने. लोणी येण्याआधी आवाज जड आणि बसका असतो. ते सुटे झाले की खाली पातळ ताक उरते आणि आवाज खळखळता होतो. हे ज्ञान सासू सुनेला कामातून देत असे. ते कुणी लिहून ठेवले नाही, म्हणून विज्ञानाच्या इतिहासात त्याला जागा मिळाली नाही.

तूप विकायचे, ताक वाटायचे

लोणी आपल्या हवेत फार दिवस टिकत नाही, कारण त्यात पाणी आणि थोडे प्रथिन असते. म्हणून ते कढवायचे. कढवताना तडतड ऐकू येते तोवर पाणी उडून जात असते आणि तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास राहते. तडतड थांबली की ते वर चढू लागते, तळाची बेरी तांबूस होते आणि तूप झाले हे कळते. पाणी जवळजवळ संपल्यामुळे जिवाणूंना वाढता येत नाही. कढवताना विड्याचे पान टाकण्याची रीतही अर्थपूर्ण आहे. त्या पानातली फिनॉल वर्गातली द्रव्ये तूप खवट होण्याचा वेग कमी करतात.

तूप टिकते, वाहून नेता येते, बाजारात त्याला भाव मिळतो. ताक यातले काहीच करत नाही. ते त्याच दिवशी संपवावे लागते, आणि घरात संपत नसेल तर वाटावे लागते. याचा पुरावा आपल्या म्हणींत आहे. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण कशी बनली असेल? ताक मागायला शेजारी जाणे इतके नित्याचे होते, की त्यात लाजण्यासारखे काही नाही असे समाज मानत होता. ‘ताकापुरते रामायण’ या म्हणीतही ताकाच्या आशेने दारी येणारा माणूस आहे. ज्याच्या घरी दुभते नाही त्यालाही गावात ताक मिळण्याची शक्यता होती, असे या म्हणी सांगतात.

या ताकात काय असते? घरात ५ लिटर म्हशीचे दूध निघते असे धरू. त्यात ७ टक्क्यांप्रमाणे सुमारे ३५० ग्रॅम स्निग्धांश आणि ४ टक्क्यांप्रमाणे सुमारे २०० ग्रॅम प्रथिने असतात. कॅल्शियम साधारण ९ ग्रॅम. लोण्याबरोबर स्निग्धांशाचा मोठा भाग आणि अ जीवनसत्त्व बाहेर पडते. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र जवळजवळ सगळे ताकात राहते. म्हणजे जो भाग पैसा देत होता तो बाजारात जाई, आणि जो भाग वाढत्या मुलांची हाडे-स्नायू घडवतो तो घरात आणि शेजारात राही. कुणी ठरवून केलेली ही पोषण योजना नव्हे. ताक विकता येत नव्हते म्हणून ते पोटात गेले, एवढेच.

यंत्रे आली

१८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने दुधातून साय सतत वेगळी काढणारे फिरते यंत्र बनवले. वर साय येण्याची वाट पाहणे संपले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत बॅबकॉक आणि स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर यांनी दुधातला स्निग्धांश काही मिनिटांत मोजण्याच्या पद्धती दिल्या. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये स्टॉर्च याने सायीला लावण्यासाठी निवडक जिवाणूंचे शुद्ध विरजण वापरात आणले. लोणी घरातून कारखान्यात जाण्याची सगळी तयारी झाली.

आपल्याकडची हकिगत सांगायची तर आणंदला जावे लागते. तिथे १९३० च्या सुमारास पॉल्सन कंपनीची लोण्याची डेअरी उभी राहिली आणि तिचे लोणी मुंबईत नावाजले गेले. १९४५ मध्ये मुंबईला दूध पुरवण्याची सरकारी योजना आली. मिळणाऱ्या भावावरून असंतोष वाढला, १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दूध देणे थांबवले, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. १९५५ मध्ये संघाची मोठी डेअरी सुरू झाली. पुढे तिचे लोणी ‘अमूल’ या नावाने बाजारात आले.

आता गंमत पाहा. संघाचे लोणी ताज्या सायीचे होते, तरी मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते बेचव लागले. पॉल्सनचे लोणी ठेवून आंबवलेल्या सायीचे आणि खारट असे. जिभेला तीच सवय होती. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे, आणि लोकांना हवे पिवळे. शेवटी मीठ वाढवावे लागले, रंग घालावा लागला आणि वासासाठी डायअसेटाइल मिसळावे लागले. व्हर्गीस कुरियन यांनी हे आत्मकथनात सांगितले आहे. डायअसेटाइल हे लोण्याच्या वासाचे मुख्य द्रव्य असल्याचे १९२९ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी दाखवले होते. विरजणातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रिक आम्लापासून हेच द्रव्य बनवतात. डेऱ्यातल्या लोण्याला जो वास आपोआप येई, तो आता बाटलीतून घालावा लागला. मराठीने या फरकाची नोंद केली आहे. डेऱ्यातले ते ‘लोणी’, कागदात गुंडाळलेले ते ‘बटर’.

आणंदमध्ये आणखी एक मोठे काम झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येणार नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. दुधाचा साय काढलेला भाग, म्हणजे पूर्वी ज्याचे ताक झाले असते तोच भाग, प्रथमच टिकाऊ झाला. टिकाऊ झाला म्हणजे विकाऊही झाला.

महाराष्ट्रात १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहू लागली. १९६३ मध्ये कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ स्थापन झाला. १९७० ते १९९६ या काळात ‘दूध महापूर’ योजना देशभर राबवली गेली आणि १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. खेड्याच्या दृष्टीने बदल साधा होता. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचे, फॅट लागेल तसा भाव घ्यायचा. संध्याकाळचे दूध विरजायला घरात उरेनासे झाले. विरजण नाही तर घुसळण नाही, आणि घुसळण नाही तर ताक नाही.

जमा आणि खर्च

या बदलाकडे हळवेपणाने पाहू नये असे आम्हाला वाटते. घुसळण हे कष्टाचे काम होते. अर्धा-पाऊण तास दंड दुखेपर्यंत दोरी ओढायची, तीही दळण आणि पाणी यांच्या जोडीला, बहुधा दिवस उजाडण्याआधी. तुपाचा भाव व्यापारी ठरवी. दूध संस्थेने मोजून माप घेतले, ठरलेल्या दिवशी पैसे दिले, आणि अनेक अल्पभूधारक कुटुंबे त्यावर उभी राहिली. मुलांची शाळेची फी दुधाच्या पगारातून भरली गेली. हे मोठे काम आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गेर्बरच्या नळीने स्निग्धांश मोजला, म्हणून सुरुवातीला पैसा त्याचाच मिळाला. स्निग्धेतर घनपदार्थांना भाव देणारी दुहेरी पद्धत नंतर आली. दूध विकून आलेल्या पैशातून तेवढी प्रथिने परत विकत घेतली जातात का, हे प्रत्येक घरात वेगळे ठरते. घरच्या तुपाचे चार पैसे अनेक ठिकाणी बाईच्या हाती राहत. दूध संस्थेचे पुस्तक बहुधा पुरुषाच्या नावाने निघाले, जरी धार काढणे आणि वैरण-पाणी पाहणे बाईकडेच राहिले. महिलांच्या स्वतंत्र दूध संस्था पुढे निघाल्या, त्यामागे हीच जाणीव होती. आणि ज्या घरी म्हैस नव्हती, त्याचे ताक कुठल्याच वहीत नोंदलेले नव्हते. त्यामुळे ते बंद झाले तेव्हा त्याची नोंदही झाली नाही.

तंत्र बदलले की वस्तू बदलते, हे आपण मुलांना शिकवतो. त्या वस्तूचा कोणता भाग कुणाच्या वाट्याला येतो तेही बदलते, हे मात्र शिकवायचे राहून जाते. लोण्याच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

वर्गात करण्यासाठी

सायीचे दही तीन सारख्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत भरा. एक बाटली बर्फाच्या पाण्यात, एक माठाच्या पाण्यात आणि एक सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा. नंतर तिन्ही एकाच वेळी हलवायला घ्या. किती हेलकाव्यांनंतर कण दिसतात, आवाज केव्हा बदलतो आणि कोणत्या बाटलीत लोणी गोळाच होत नाही, हे विद्यार्थ्यांना नोंदवू द्या. निघालेले ताक आणि लोणी तोलून त्यांचे प्रमाण काढता येईल.

दुसरा उपक्रम गावात करायचा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या आजींना विचारायचे: डेरा किती शेरांचा होता, रवी कोणत्या लाकडाची, लोणी आल्याचे कशावरून कळे, ताक कोण न्यायला येई, ते येणे कोणत्या वर्षी थांबले, आणि गावात दूध संस्था केव्हा निघाली. शेवटच्या दोन उत्तरांची सांगड घालून पाहावी. या प्रश्नांची उत्तरे ज्यांना हाताने ठाऊक आहेत अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून हा उपक्रम पुढच्या वर्षावर ढकलू नये.